मुंगीची गुणसूत्रे आणि माणसाची मोजदाद

आळशाने मुंगीपासून धडा घ्यावा, हे नीतिसूत्रांच्या पुस्तकातील सांगणे शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही ठाऊक असते. मुंगी म्हटली की उद्योग आणि बचत एवढेच आपल्याला आठवते. पण तिच्या पेशीत डोकावले तर दुसराच विषय पुढे येतो, आणि आमच्या मते तो अधिक अवघड आहे.

आईबापांचे गुणधर्म मुलांत उतरतात ते पेशीतील गुणसूत्रांवाटे. मनुष्याची गुणसूत्रे 46. शास्त्रज्ञ कित्येक वर्षे ती 48 समजत होते. त्यो व लेव्हान यांनी 1956 साली खरा आकडा प्रसिद्ध केला. आता मुंग्या पाहा. ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ सापडलेल्या एका जातीच्या कामकरी मुंगीत गुणसूत्रांची एकच जोडी आढळली, म्हणजे अवघी 2. क्रॉसलंड व क्रोझियर यांनी 1986 मध्ये हे जाहीर केले. मुंग्यांत नर सहसा अफलित अंड्यातून जन्मतो, त्याला बाप नसतो; त्यामुळे या जातीच्या नरात 1च गुणसूत्र. याहून कमी ते काय होणार! उलट ब्राझीलच्या जंगलातील डायनोपोनेरा ल्युसिडा या थोरल्या मुंगीत ती 120 पर्यंत भरतात. आणि नवल असे की, त्या ऑस्ट्रेलियन मुंगीच्या अगदी भावकीतल्या, दिसायला जवळजवळ तिच्यासारख्याच जातींत 30 च्या वर गुणसूत्रे असलेल्या मुंग्या आहेत.

हे घडते कसे? लांब दोरा मधेच तोडला तर दोन होतात, दोन दोरे जोडले तर एक होतो. सूत मात्र तेवढेच राहते. गुणसूत्रेही पिढ्यान्‌पिढ्या अशीच तुटत व जुळत आली आहेत. जपानचे इमाई यांनी असे मांडले की, मुंग्यांच्या उत्क्रांतीत एकंदर ओघ तुटण्याकडे, म्हणजे संख्या वाढण्याकडे आहे. 2 गुणसूत्रांची मुंगी मात्र जुळण्याच्या वाटेने गेलेली दिसते. आपल्या देशातील भेकराच्या मादीत 6 व नरात 7 गुणसूत्रे असतात. त्याच्याच चिनी भाईबंदात 46, अगदी आपल्याइतकी! तेव्हा हा आकडा म्हणजे सृष्टीतील पायरी नव्हे.

येथवर सर्वांना पटेल. पण मनुष्यात कधी 47 गुणसूत्रे असतात. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांत एकविसावे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, हे 1959 मध्ये लजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. आज ही गोष्ट मूल पोटात असतानाच कळू शकते, आणि मग घरात कुजबुज सुरू होते.

अशा आईला मुंग्यांचे उदाहरण देऊन समजाविणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. मुंग्यांत बहुधा तेच सूत निराळे कापलेले असते. येथे एका दोऱ्याची अख्खी प्रत जास्त असते. त्यामुळे शिकण्यास वेळ लागतो, कित्येकांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो. आईचा भार खरा आहे. तो नाकारून केलेले सांत्वन तिला लगेच ओळखू येते.

मात्र आकडा वेगळा म्हणून मूल उणे, असे म्हणणारा विज्ञानाच्या तोंडी भलतेच शब्द घालतो. सूक्ष्मदर्शक काय आहे ते दाखवितो. कोणाला किती मान द्यावा हे त्यात दिसत नाही. उद्या मुंग्यांत सर्वत्र एकच आकडा निघाला असता, तरी त्या मुलाचा आपल्यावरील हक्क रतिभरही कमी झाला नसता. आपण निसर्गाकडे दाखला मागतो तो पुष्कळदा निर्णय आपल्याला घ्यावयाचा नसतो म्हणून.

शब्बाथशाळेच्या शिक्षकाला तो घ्यावाच लागतो. इतर मुले दोन मिनिटांत पाठ करतात ते वचन या मुलाला महिनाभर लागेल. बक्षिसे मात्र पाठांतरावर वाटायची असतात. त्याला त्याच्या वयाच्या वर्गात बसवावे की बालवर्गातच ठेवावे, हे ठरेपर्यंत आई त्याचा हात धरून दारात उभी असते.