हुबेहूब

बँकेच्या कॅश काउंटरवर बावीस वर्षं बसलेल्या माणसाला एक खोड लागते. हातात आलेली कुठलीही वस्तू तो आधी उजेडाकडे धरून पाहतो. मी म्हणे भाजीवाल्याने दिलेली कोथिंबिरीची जुडीसुद्धा उजेडाकडे धरतो, असं आमची ही चारचौघांत सांगते. त्यात थोडी अतिशयोक्ती आहे. मी फक्त पालक धरतो.

ज्याची एकूण विद्वत्ता म्हणजे खरं-खोटं ओळखणं, अशा माणसावर खिशातले पैसे मोजून एक उत्तम बनावट वस्तू विकत आणायची पाळी आली. त्याचं असं झालं. चिरंजीवांचा मावसभाऊ कॅनडाला जाताना आपली इलेक्ट्रिक गिटार आमच्या घरी ठेवून गेला. ही वस्तू हत्तीसारखी असते हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. हत्ती फुकट मिळाला तरी त्याचा खुराक सुटत नाही. नुसती वाजवली तर डब्याला रबरबँड ताणून बसवल्यासारखा आवाज येतो.

"बाबा, हिला अँप लागतो."

"कुठला?"

"मार्शल."

मी आधी ते कोणा मास्तरांचं आडनाव समजलो. मग कळलं, की शंभर वॉटचा अँप असतो. शंभर वॉट म्हणजे आपल्या जुन्या दिव्याइतकाच की, म्हणून मी निर्धास्त होतो. आमची डोंबिवलीची जागा दीड खोलीची, आणि भिंतीपलीकडे शेजारच्या काकू अंथरुणाला खिळलेल्या. चिरंजीवांनी मोबाईलवर एकदा नमुना ऐकवला, तेव्हा त्या दिव्याचा उजेड माझ्या डोक्यात पडला.

बरं, हळू वाजवावा तर तेही नाही. या अँपमध्ये वाल्व असतात. आजोबांच्या रेडिओत होते तेच, तापल्याशिवाय तोंड न उघडणारे. वाल्वला झेपेल त्याहून जास्त आवाज त्यात कोंबला, की लाटांची टोकं सपाट होतात आणि तो सुप्रसिद्ध खरखरीत गोडवा येतो. थोडक्यात, माणूस जसा महिनाअखेरीला बोलतो तसा अँप बोलू लागतो. पण त्यासाठी त्याला छळावं लागतं, आणि छळलं की काकू उठून बसतात.

यावर तोडगा म्हणजे मल्टी-इफेक्ट्स नावाची पेटी. तिच्यात वाल्व नसतात, त्यांचं गणित असतं. कुठला अँप किती भार दिल्यावर कसा फाटतो, हे आकड्यांत बसवलेलं. स्पीकरच्या खोक्याचंही तसंच. खऱ्या खोक्यातून एक ठराविक आवाज सोडायचा, समोर माइक धरून त्याचा पडसाद टिपायचा आणि तो पेटीत भरून ठेवायचा. मग तुम्ही छेडलेला सूर त्या पडसादातून गाळून हेडफोनमध्ये येतो. सारी खोली गर्जतेय असं वाजवणाऱ्याला वाटतं, आणि बाहेर फक्त टिक टिक.

बारावा द्विपक्षीय करार मार्च २०२४ मध्ये झाला, त्याच्या थकबाकीतले बारा हजार मी बाजूला काढले होते. दुसऱ्या शनिवारी आम्ही धोबीतलाव गाठला. काचेमागे झूम, बॉस, न्यूक्स, मूअर, व्हॅलेटन अशी सारी भावंडं ओळीने बसलेली. विक्रेता मुलगा भला होता. कुठल्या पेटीत किती अँप, किती इफेक्ट, हे तो पोपटासारखा सांगू लागला. मी कॉमर्सवाला. लगेच पावतीच्या पाठीमागे एका अँपला किती रुपये पडतात त्याचा भागाकार मांडला. चिरंजीव दुसरीकडे बघू लागले.

हा भागाकार चुकीचा असतो, हे तासाभरात कळलं. दोनशे आवाजांच्या पेटीतले एकशे नव्वद आवाज गुहेत बसून वाजवल्यासारखे असतात. दुकानात ऐकताना त्यांचं कौतुक वाटतं, घरी लागतात तीन. एक स्वच्छ, एक किंचित करपलेला, एक पुरता जळलेला. आमटीचंही आपल्याकडे तेवढंच असतं. बारा हजार सगळे पेटीत घालायचे नाहीत, हेही तिथेच शिकलो. भिकार हेडफोन लावला तर लाखाची पेटीही कण्हते. अखेर आम्ही झूमची जी १ एक्स फोर घेतली. अँप तेरा, एका वेळी पाच इफेक्ट, पायाखाली दाबायचं पेडल आणि तीस सेकंदांचा लूपर. ती चार सेलवर चालते, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. मग अडॅप्टर घेतला. नऊ व्होल्टचा, आत ऋण, बाहेर धन. आमच्या बचत खात्याचीही रचना तशीच आहे.

पण मला खरं अस्वस्थ केलं ते यादीतल्या नावांनी. यूके ३०ए म्हणजे म्हणे व्हॉक्स कंपनीचा एसी ३०. एफडी म्हणजे फेंडर. एमएस म्हणजे मार्शल. मूळ मालकाचं नाव कुठेच नाही, नुसत्या खुणा. आम्ही बँकेत याला बेनामी म्हणतो. रात्री झोप लागेना. ज्या हाताने मी दिवसा बनावट नोटेवर शिक्का मारतो, त्याच हाताने संध्याकाळी बनावटीचे पैसे मोजले!

अस्सलाचा शोध घ्यावा म्हणून वाचायला बसलो, तर प्रकरण भलतंच निघालं. जिम मार्शल हा लंडनच्या हानवेल भागातला ड्रमचा दुकानदार. अमेरिकेतून येणारा फेंडरचा बासमन अँप इंग्लंडात फार महाग पडे. म्हणून १९६२ साली त्याच्या दुकानातल्या मंडळींनी त्या बासमनच्याच जोडणीवरून आपला अँप बांधला. म्हणजे अस्सल मार्शल हीच मुळात कमी बजेटमध्ये केलेली नक्कल! आणि तो बासमन तरी बास गिटारसाठी काढलेला. ती खरखर हा तर चक्क दोष. १९५८ साली लिंक रे याने स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली, १९६४ साली किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने चिरे दिले, तेव्हा कुठे मनासारखं बिघडलं. त्या बिघाडाची हुबेहूब नक्कल करायला आता मोठमोठे इंजिनियर बसलेत.

मी सुटल्यासारखा झालो. सगळंच नक्कल, तर मग पाप कुठलं?

ही सुटका पंधरा दिवस टिकली. कॉलेजच्या गॅदरिंगचा फॉर्म चिरंजीव भरत होते. 'वाद्य व सामग्री' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'इलेक्ट्रिक गिटार, मार्शल अँप'.

"हे काय?"

"आवाज तोच आहे ना बाबा. ऐकणाऱ्याला फरक कळला तर सांगा!"

आणि मला ती बाई आठवली. गेल्या पावसाळ्यात काउंटरवर आली होती. भाजी विकणारी. भिशीचे पैसे भरायला. त्यात पाचशेची एक नोट खोटी निघाली. नोट फार सुरेख होती, मला दोनदा पाहावी लागली. नियम असा, की खोटी नोट परत द्यायची नाही, बदल्यात पैसेही द्यायचे नाहीत. शिक्का मारायचा आणि पोच द्यायची. तिने तो कागद हातात धरून विचारलं, "साहेब, हा चालंल का बाजारात?" मी काही बोललो नाही. पुढचा टोकन नंबर पुकारला.

तिलाही फरक कळला नव्हता. ज्याने तिला ती दिली त्यालाही कदाचित कळला नसेल. कळत नाही म्हणून तर ती नोट तिच्यापर्यंत पोचली.

हे मी मुलाला सांगितलं, जसं घडलं तसंच. मग म्हटलं, "मार्शलने फेंडरची जोडणी उचलली, पण पेटीवर नाव स्वतःचं घातलं. तुझ्या त्या यूके ३०एला मी बेनामी म्हणत होतो, ते माझं चुकलं. तो निदान 'मी व्हॉक्स आहे' असं म्हणत तरी नाही."

तो बराच वेळ पेन चावत बसला. मग मार्शलवर काट मारून त्याने झूमचं नाव लिहिलं. वर म्हणाला, "मुलं हसतील." हसलीही असतील. त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण त्या दिवशी घरी आल्यावर तो जेवला नाही, एवढं खरं. बापाच्या तत्त्वज्ञानाचं बिल मुलाच्या नावावर फाटतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

रात्री अकराला तो हेडफोन लावून बसला. टिक टिक सुरू झाली. मी शेजारी जाऊन बसलो, तर त्याने न बोलता हेडफोन काढून माझ्या कानाला लावले आणि वाजवू लागला. मला त्यातलं काही कळत नाही. पण डोळे मिटले तेव्हा आमची दीड खोली चांगली षण्मुखानंद हॉलएवढी झाली होती.

डोळे उघडले, तर समोर ही. धुवायला टाकलेला माझा शर्ट एका हातात, आणि खिशातली पावती दुसऱ्या हातात. तिला मी या पेटीची किंमत सगळं धरून पाच हजार सांगितली होती.

ओठ हलताना दिसले. "अहो, हा आकडा..." एवढं मी ताडलं. चिरंजीव माझ्याकडे पाहत होते, अतिशय लक्षपूर्वक. मी उजवा हेडफोन हळूच कानावरून बाजूला केला.