फाटकाबाहेरचं गिरणगाव

२९ सप्टेंबर २०१७. दसऱ्याचा आदला दिवस. परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही दोन स्थानकं जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी झाली आणि २३ माणसं गेली. बाहेर पाऊस होता म्हणून लोक पुलावरच खोळंबले होते आणि मागून लोकलमधून उतरणाऱ्यांची रीघ थांबत नव्हती. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला मध्यरात्रीनंतर, तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली. १४ जण दगावले. बाहेर पडायची वाट न सापडल्यामुळे त्यातले बरेचजण स्वच्छतागृहापाशी गुदमरून गेले.

या दोन्ही घटनांत कुणी चाकू काढला नव्हता, कुणाच्या घरावर दरोडा पडला नव्हता. लोअर परळात घर बघायला येणाऱ्या कुटुंबाला सुरक्षिततेबद्दल जे सांगितलं जातं, त्यात स्थानकाच्या पुलाची रुंदी कधीच नसते. फाटकावर चोवीस तास पहारा, प्रत्येक मजल्यावर कॅमेरे, आलेल्या-गेलेल्याची मोबाइलवर नोंद, मुलांना खेळायला आतच बाग, हे सांगितलं जातं. घर घेणाऱ्याला त्यात दोष देता येत नाही. आपलं माणूस सुखरूप राहावं असं कुणाला वाटत नाही? पण गेल्या तीस वर्षांत मुंबईतलं गिरणगाव सुरक्षित झालं, असं जे सर्रास म्हटलं जातं, ते फाटकाच्या आतल्या बाजूपुरतंच खरं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरक्षितता चौरस फुटांबरोबर विकायला निघाली आणि तिचा जो भाग विकता येत नाही, म्हणजे पूल, पदपथ, रात्री उघडं असणारं शौचालय, संकटात पळायला मोकळी जागा, तो कुणाचाच राहिला नाही.

पूर्वीचं गिरणगाव सुखासमाधानात नांदत होतं, असं चित्र मात्र मला रंगवायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर हजारो घरांतली चूल. नाक्यावर बसलेल्या पोरांना टोळ्यांनी हेरलं. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने रंगमंचावर आणलेलं घर हे त्या काळातल्या कितीतरी घरांसारखंच होतं. १९९४ मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव यांची भर रस्त्यात गोळ्या घालून हत्या झाली, १९९७ च्या जानेवारीत संपाचे नेते दत्ता सामंत यांची. गिरण्यांच्या जमिनीची किंमत आणि टोळ्यांची बंदूक हे दोन्ही त्याच वर्षांत वर चढत होतं. त्या दिवसांत संध्याकाळी उशिरा मुलगा घरी आला नाही, की आईच्या जिवाची काय तगमग होत असे, ते त्या पिढीतल्या बायकांना विचारावं.

चाळीचंही तसंच. शेजाऱ्याचं लक्ष असायचं हे खरं, पण ते लक्ष कुणावर असायचं? मुलगी कुणाबरोबर बोलली, किती वाजता आली, हे गॅलरीतल्या दहा जणांना ठाऊक असे. तेच दहा जण पत्र्याच्या पार्टिशनपलीकडून एखाद्या बाईला मार पडताना ऐकत आणि तो ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून कड बदलत. रात्री-अपरात्री मजल्याच्या टोकाला असलेल्या सामायिक शौचालयाकडे जाणं वयात आलेल्या मुलीला नकोसं वाटे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात, स्वतःच्या संडास-न्हाणीत जाणं ही बाईच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे, हे चाळीच्या आठवणी काढून गहिवरणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या, तेव्हा झालेला आनंद खराच होता.

तरीही त्या वस्तीत एक गोष्ट होती, जी पहाऱ्याने येत नाही. गिरण्या तीन पाळ्यांत चालत. दुसरी पाळी मध्यरात्री सुटायची तेव्हा तिसरी आत शिरत असायची. त्यामुळे रात्री बाराला रस्ता झोपलेला नसे. चहाची टपरी, पानवाला, खाणावळवाल्या बायका, गावकीच्या खोल्यांतून निघालेले पुरुष, सगळे जागे. एकट्या आलेल्या कोकणी किंवा घाटावरच्या कामगाराला जेवू घालणाऱ्या या बायकांची १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटना बांधली. जेन जेकब्सने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यांबद्दल लिहिताना म्हटलं होतं, की रस्ता राखतात ते त्यावर पोट असलेले आणि सतत ये-जा करणारे लोक, पोलीस नंतर. गिरणगावाला हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आज कमला मिल, पेनिन्सुलासारख्या संकुलांतही रात्रभर काम चालतं. पण रात्रपाळीची मुलगी कंपनीच्या गाडीतून फाटकात उतरते आणि गाडीतूनच परत जाते. तिच्या सोयीसाठी ते योग्यच आहे. फक्त तिच्या असण्याने रस्त्याला काही मिळत नाही आणि रस्त्याच्या असण्याने तिला.

रस्ता असा ओस कसा पडला, याचं उत्तर नियमांत आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते: एक मोकळ्या जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, उरलेला मालकाला. एकूण जमीन सुमारे ६०० एकर. चार्ल्स कोरियांच्या समितीने १९९६ मध्ये या जमिनींचा एकत्रित विचार करण्याची दिशाही दाखवली. मग २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची करायची, असं ठरलं. गिरणीत बांधकाम नसलेली जमीन ती किती असणार? उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लोकांच्या बाजूने दिलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरवला. त्याआधीच, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना गेली होती. लोकांच्या वाट्याला जे उरलं, ते गवताच्या चिंचोळ्या पट्ट्यांच्या आणि इथेतिथे पसरलेल्या तुकड्यांच्या रूपात.

एल्फिन्स्टनचा पूल मी या नियमबदलापासून वेगळा काढू शकत नाही. तिथे लाखोंनी नोकऱ्या आणण्याची परवानगी देणाऱ्याने त्या नोकऱ्यांपर्यंत चालत जाणाऱ्यांची पावलं मोजली नाहीत. रुंद पुलाची मागणी जुनी होती, मंजुरीही झाली होती. मृत्यूंनंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला गेला आणि तो २०१८ च्या फेब्रुवारीत खुलाही झाला. काही महिन्यांत होऊ शकणारं काम वर्षानुवर्षं का अडलं होतं, या प्रश्नाची टोचणी मला अजून आहे. त्याच वर्षी जुलैत लोअर परळचा डिलाइल रोड पूल धोकादायक ठरवून बंद केला. तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. पाच वर्षं शाळेत जाणारी मुलं आणि केईएमला जाणारे आजारी लोक वळसा घालून चालले. हा गुन्ह्यांच्या कुठल्याही नोंदवहीत न येणारा धोका आहे.

शक्ती मिलचंही याच ओळीत बोलायला हवं. महालक्ष्मी स्थानकाजवळची ही गिरणी वर्षानुवर्षं बंद, ढासळत पडलेली. २२ ऑगस्ट २०१३ ला तिथे कामानिमित्त गेलेल्या छायाचित्रकार पत्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. देश हादरला. तिच्या तक्रारीनंतर टेलिफोन ऑपरेटर म्हणून काम करणारी आणखी एक तरुणी पुढे आली. तिच्यावर त्याच जागी सुमारे तीन आठवडे आधी तसाच अत्याचार झाला होता आणि तिने तोंड उघडलं नव्हतं. ती तेव्हाच बोलू शकली असती तर? बोलायला तिला काय हवं होतं? मला वाटतं, पोलीस ठाण्यात आपलं ऐकतील असा विश्वास, आणि घरात ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न येणार नाही अशी खात्री. पण चर्चा झाली ती भिंतींची, कुंपणांची आणि ‘इथल्या टवाळ पोरांची’. वस्तीतला प्रत्येक गरीब तरुण संशयित ठरला. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’मध्ये दोन वर्षं आधीच बजावलं होतं, की इतरांना रस्त्यावरून हाकलून बाईला रस्ता मिळत नाही. बाईलाही विनाकारण उभं राहता यायला हवं आणि तिच्या शेजारी तो पोरगाही उभा राहू शकायला हवा.

ना. म. जोशी मार्गालगतच्या एका पुनर्विकसित इमारतीत माझं अधूनमधून जाणं होतं. प्रकल्पाला दोन प्रवेशद्वारं आहेत. विक्रीच्या मनोऱ्याचं समोर, मूळ भाडेकरूंच्या इमारतीचं बाजूच्या गल्लीतून. वर गेलं की लांबच लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना लोखंडी सेफ्टी डोअर, दिवसाही ट्यूबलाइट. चौदाव्या मजल्यावरच्या एक आजी संध्याकाळी लिफ्टच्या दारापाशी प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसतात, कारण माणसं दिसतात ती तिथेच. वाट अडते म्हणून सोसायटीने त्यांना एकदा समज दिली. त्या मला म्हणाल्या, “चाळीत दार नुसतं लोटलेलं असायचं, कडी रात्री अकराला. इथं दिवसभर कडी. न्हाणीत पडले तर कुणाला कळायचं?” आजींचा मुलगा दहिसरला. खोली विकून आपणही तिकडे जावं, असा घरात विषय निघतो, कारण देखभालीचा महिन्याचा खर्च पेन्शनीत बसत नाही. आजींना नव्या घरात चोराची भीती वाटत नाही. त्यांना भीती आहे ती कुणाला न कळता पडून राहण्याची आणि इथून उठून जावं लागण्याची. घर टिकण्याची शाश्वती हा सुरक्षिततेचाच भाग आहे, हे मी त्यांच्याकडून शिकलो. गिरणी कामगारांसाठीच्या २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली आणि मागे राहिलेल्या कामगारांना पुढे मुंबईबाहेर शेलू-वांगणीचा रस्ता दाखवला गेला, तेव्हा त्यांच्या संघटनांनी विरोध केला तो याच अर्थाने. इस्पितळ, ओळख, मंडळ, उधारीवर देणारा वाणी हे सगळं इथे सोडून तिथे घर घ्यायचं होतं.

फाटकावर जो उभा असतो, त्याचंही या सगळ्यात नाव घेतलं जात नाही. संपानंतर किती कामगारांनी वॉचमनची काठी धरली, ते गिरणगावात सगळ्यांना ठाऊक आहे. आता ती जागा उत्तरेकडून आलेल्या मुलांनी घेतली आहे. २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडच्या एका साठमजली इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. त्या आगीत जो गेला तो तिथला रहिवासी नव्हता. वर काय झालंय ते बघायला गेलेला तरुण सुरक्षारक्षक बाल्कनीतून लटकला आणि खाली पडला. सुरक्षारक्षकांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी या राज्यात १९८१ पासून कायदा आहे. बारा तास उभ्या राहणाऱ्या या मुलांना आगीत काय करायचं हे कुणी शिकवतं का, हे प्रत्येक सोसायटीने स्वतःला विचारावं.

रस्ता सगळ्यांचा ठेवूनही तो सुरक्षित करता येतो, याची साक्ष लालबाग दरवर्षी देतं. गणपतीचे दहा दिवस बायका कडेवर मूल घेऊन पहाटे तीनला लालबाग-चिंचपोकळीच्या गल्ल्यांतून फिरतात. पाकीटमारी होते, रांगेत धक्काबुक्की होते, काही वेळा बाईला नको तो स्पर्शही सोसावा लागतो. तरी त्या येतात, कारण दुकानं उघडी असतात, उजेड असतो, तात्पुरती शौचालयं असतात, दोर धरून उभे असलेले मंडळाचे कार्यकर्ते असतात आणि हरवलेल्या पोराचं नाव ध्वनिक्षेपकावर पुकारायला कुणीतरी रात्रभर जागं असतं. यातली कुठलीच गोष्ट महागडी नाही. उरलेले ३५५ दिवस हे का जमत नाही, याचं उत्तर महापालिकेने द्यायला हवं, आणि मंडळांनीही, कारण वस्तीत त्यांच्याइतकी माणसं कुणाकडे नाहीत.

नव्या मनोऱ्याला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी तिथून रोज किती माणसं चालत कुठल्या स्थानकाकडे जाणार आणि त्या वाटेवरचा पदपथ किती रुंद आहे, हे वॉर्ड ऑफिसने जाहीर करावं. गच्च्यांच्या, उपाहारगृहांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे अहवाल रहिवाशांना वाचायला मिळावेत. रात्री उघडं, उजेडाचं, बायकांसाठीचं शौचालय प्रत्येक स्थानकाबाहेर असावं. आणि एक काम तर लगेचचं आहे. एल्फिन्स्टनचा जुना रस्ता-पूल शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाला, त्या जागी दुमजली पूल येतो आहे. त्याच्या नकाशात गाड्यांना किती मार्गिका, हे सगळ्यांना ठाऊक आहे. परळहून प्रभादेवीला चालत जाणाऱ्यांसाठी त्यात किती मीटर ठेवले आहेत, हे दोन्ही बाजूंच्या रहिवाशांनी, मनोऱ्यातल्या आणि चाळीतल्या, एकत्र जाऊन विचारायला हवं, काँक्रीट पडायच्या आत.