फळाची आशा कोणी सोडायची?

तेलंगणातल्या शाळा एप्रिलच्या शेवटाकडे बंद होतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. मधल्या दीड महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि याच दिवसांत पंधरा-सोळा वर्षांची पुष्कळ मुलं-मुली काम शोधायला बाहेर पडतात. कोणी लाड बाजारात बांगड्यांच्या दुकानात उभं राहतं, कोणी बंगनपल्ली आंब्यांतले डागी बाजूला काढतं, कोणी कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गाइडांच्या थप्प्या लावतं. इंग्रजी बरं असलेला एखादा माधापूरच्या छोट्या कंपनीत इंटर्न म्हणून चिकटतो. पहिल्याच दिवशी बहुतेकांना ऐकावं लागतं: आधी काम शीक, पैशांचं नंतर बघू. मराठी घरांतून या बोलण्याला गीतेचा टेकू मिळतो. कर्म करत राहावं, फळाची आशा धरू नये. हा उपदेश कामाला लागलेल्या पोराला करणं धर्माला धरून आहे का? माझ्या मते नाही. फळाची आशा सोडणं ही ज्याची त्याने, स्वतःपुरती करायची गोष्ट आहे. दुसऱ्याला ती सोडायला लावण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि ज्याच्या गल्ल्यात ते फळ पडणार आहे त्याला तर मुळीच नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आपल्याला इतका पाठ असतो, की तो कोण कोणाला सांगतो आहे हे विसरायला होतं. ऐकणारा अर्जुन हा जाणता, शस्त्रविद्येत मुरलेला वीर आहे. सांगणारा कृष्ण या युद्धात शस्त्र न धरता सारथी म्हणून बसला आहे. अर्जुनाने आशा सोडली म्हणून हस्तिनापूरच्या राज्यातला वाटा कृष्णाच्या पदरात पडणार नाही. म्हणजे उपदेश करणाऱ्याला त्या उपदेशातून काही मिळवायचं नाही. दुसरी गोष्ट अठराव्या अध्यायात येते. सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, की यावर पुरता विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. नकार देण्याची मुभा ठेवून केलेला हा उपदेश आहे. बोलणारा निःस्वार्थ आणि ऐकणारा मोकळा, या दोन्ही अटी दुकानाच्या फळीपाशी मोडतात. तिथे पोराने सोडलेलं फळ हवेत विरत नाही, ते संध्याकाळच्या हिशेबात मालकाच्या बाजूला जमा होतं. शिवाय गीतेचा रोख यश-अपयशाने डळमळणाऱ्या मनावर आहे. मजुरी ही मनाची अवस्था नव्हे, ते एका माणसाकडे असलेलं दुसऱ्याचं देणं आहे, आणि देणं बुडवायला गीतेत कुठेच मुभा नाही.

आपल्याच परंपरेतलं याहून जवळचं उदाहरण जनाबाईचं आहे. तिचं गाव गंगाखेड, म्हणजे 1948 पर्यंत निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यातलं. परंपरा सांगते, की ती लहानपणीच पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, पाणी भरणं, शेण्या वेचणं हे तिचे दिवस. आज आपण तिला घरकाम करणारं मूल म्हणू. कुरकुर न करता राबावं हे पोरांच्या मनावर ठसवायला तिचं नाव सर्रास घेतलं जातं. पण लोकांनी तिच्याभोवती जी कथा जपली, ती नीट पाहावी. जातं एकट्याने ओढताना वरची तळी खांद्यात भरते. समोर दुसरं कोणी बसून खुंट्याला हात लावला, की ओढ निम्म्यावर येते आणि एका हाताला दाणे सोडायची उसंत मिळते. कथेतला विठ्ठल त्या दुसऱ्या जागी येऊन बसतो. तिला सहनशीलतेचे धडे द्यायला तो आलेला नाही, निम्मा भार उचलायला आला आहे. ज्यांना जनीचा दाखला द्यायचा आहे, त्यांनी आधी खुंट्याला हात लावावा.

हैदराबादेत हा प्रश्न एकाच धर्माचा राहत नाही. चांद्र वर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतं, त्यामुळे 2018 आणि 2019 मध्ये रमजान शाळेच्या सुट्टीवर येऊन पडला होता. या महिन्यात चारमिनारभोवतीचा बाजार रात्रभर, अगदी सहरीपर्यंत जागा असतो आणि हाताखाली पोरं हवीच असतात. त्याच धर्मात मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, असा प्रेषितांच्या नावे सांगितला जाणारा दंडक आहे. तो पाळायचा आहे मालकाने, मजुराने नव्हे. आपल्या कायद्याचं बोटही तिथेच आहे. 14 ते 18 वयाच्या मुलांना धोक्याची कामं बंद आहेत. बाकी कामांतही सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, मधली विश्रांती धरून दिवसाला सहा तासांपेक्षा जास्त नाही, संध्याकाळी सात ते सकाळी आठ अजिबात नाही. म्हणजे बाजाराच्या खऱ्या गर्दीच्या वेळी ते पोर घरी झोपलेलं असायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा, की शिकायला मिळतं हाच मोबदला. गुरुगृही शिष्य लाकडं फोडत, त्यांनी कधी मजुरी मागितली? पण गुरू शिष्याला जेवू घालत असे, घरात ठेवून घेत असे, आणि दक्षिणा विद्या पुरी झाल्यावर येई. दुकानात शिकणं पहिल्या आठवड्यात उरकतं. पाचव्या आठवड्यात तेच पोर एकट्याने गिऱ्हाईक सांभाळतं, तेव्हा शिकवणी कोण कोणाला देतं? या धोक्याची जाणीव श्रमशिक्षणाच्या पुरस्कर्त्यांनाही होती. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा ही गांधीजींची कल्पना चर्चेला आली. योजना आखणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते, 1897 मध्ये हैदराबादेतच जन्मलेले. समितीने हस्तोद्योग उचलून धरला, आणि त्याच अहवालात बजावलं, की कमाईची बाजू शिक्षणाला गिळून टाकेल अशी भीती उघड आहे. योजनेच्या बाजूचा माणूस असं लिहितो, तेव्हा ते जास्त गंभीरपणे घ्यावं.

दुसरा आक्षेप पैशाने पोर बिघडतं हा. बाराव्या शतकातल्या बसवेश्वरांच्या शरणांमध्ये आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होतं. शरणांचं बसवकल्याण आणि मारय्याचा रायचूर भाग, दोन्ही 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात. मारय्या सांडलेला तांदूळ वेचून आणी. एकदा त्याने गरजेपेक्षा जास्त आणला, तेव्हा लक्कम्माने तो परत टाकून यायला सांगितलं. ‘पुरे’ हा शब्द त्या घरातून आला, तांदूळ हातात असलेल्यांकडून. ज्याला काही मिळालंच नाही, त्याने अपरिग्रह शिकायचा कशावर?

तिसरा आक्षेप मला खरोखर जड वाटतो. हैदराबाद विद्यापीठात शिकवणाऱ्या शांता सिन्हा यांनी एम. व्ही. फाउंडेशनच्या कामातून आयुष्यभर एकच गोष्ट मांडली: मुलाची जागा शाळेत आहे, आणि गरिबीचं कारण पुढे करून मजुरी खपवून घेता येणार नाही. त्यांना 2003 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यानंतरही जानेवारी 2015 मध्ये याच शहराच्या जुन्या भागातल्या बांगडी कारखान्यांतून दोनशेहून अधिक मुलं सोडवावी लागली, बहुतेक बिहारची. तापलेल्या लाखेवर एकेक खडा बसवणाऱ्या त्या बोटांसमोर सुट्टीतल्या कामाचं तत्त्वज्ञान सांगणं चैनीचं वाटेल, आणि ते मला मान्य आहे. चौदाच्या आतल्या मुलाच्या कामाला संस्कार म्हणू नये. 2016 च्या दुरुस्तीने घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत हात लावायची सवलत ठेवली, तीही मला चुकीची वाटते, कारण घरच्यांना नाही म्हणणं पोराला सगळ्यांत अवघड जातं. पण जूनमध्ये पुन्हा कॉलेजात जाणारा सोळा वर्षांचा मुलगा आणि बिहारहून कारखान्यात आणलेलं ते मूल यांना एकाच मापाने मोजता येत नाही. फरक घामात नाही. एकाला उद्या सकाळी ‘येत नाही’ म्हणता येतं. अठराव्या अध्यायातली ती मुभा दुसऱ्याला कोणी दिलीच नव्हती.

म्हणून एप्रिलमध्ये पोर काम शोधायला निघतं, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी श्लोक बाजूला ठेवून सोबत जावं. किती तास, किती पैसे, कोणत्या तारखेला, हे मालकाकडून आधी कागदावर घ्यावं; संध्याकाळी सातला सुट्टी, हेही. तारखेला पैसे आले, की ते पोराच्या हातात पडू द्यावेत. त्यातले आईला किती द्यायचे, कोठीत पुस्तकांवर किती घालायचे आणि कशावर पाणी सोडायचं, हे त्याचं त्याला ठरवू द्यावं.