तहसील कार्यालयात रमाबाई रानडे

रमाबाई रानडे मराठी वाचकाला ठाऊक असतात त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’च्या लेखिका आणि सेवासदनाच्या चालक म्हणून. मुंबई इलाख्यात स्त्रियांना मताचा हक्क मिळावा यासाठी १९२१-२२ मध्ये झालेल्या चळवळीच्या त्या पुढारी होत्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

ही मागणी डिसेंबर १९१७ मध्ये सरकारपुढे गेली. सरोजिनी नायडूंच्या शिष्टमंडळाने मद्रासला भारतमंत्री माँटेग्यू यांची भेट घेतली. मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीने नकार दिला, तेव्हा मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची कन्या मिठन यांनी १९१९ मध्ये लंडनला जाऊन साक्ष दिली. त्या वर्षीच्या कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोडला आणि १९२१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाने मतदानातील स्त्री-पुरुष भेद काढून टाकला. मालमत्तेची अट तशीच राहिली. शेतमजूर किंवा कोळी बाईच्या हाती त्यातून फारसे काही लागले नाही.

कोकणातल्या म्हसळ्याला तर तेवढेही लागू नव्हते. हा मुलूख जंजिरा संस्थानात होता आणि मुंबईच्या कायदेमंडळाचा ठराव संस्थानाच्या हद्दीत चालत नव्हता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९५० मध्ये राज्यघटनेच्या कलम ३२६ ने प्रौढ मताधिकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गरीब-श्रीमंत असा भेद न होता येथील बाई मतदार झाली. त्याच निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. हे मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत घडले. पण बाईचे नाव सरकारी कागदावर येणे किती कठीण होते, हे त्यातून दिसते.

तालुक्यात मतदार नोंदणीचे काम तहसील कार्यालयातून चालते. म्हणून रमाबाईंचे स्मारक म्हसळ्यात उभारायचे तर त्याहून योग्य जागा नाही. जागेचे महत्त्व अमेरिकेच्या अनुभवावरून कळते. तेथील मताधिकार चळवळीच्या तीन नेत्यांचे संगमरवरी शिल्प १९२१ मध्येच वॉशिंग्टनच्या संसद भवनाला अर्पण झाले, आणि लगेच तळघरात हलवले गेले. घुमटाखालच्या मुख्य दालनात ते परतले १९९७ मध्ये. म्हसळ्यातही स्मारक साहेबांच्या दालनात नको. दाखल्यासाठी बायका जेथे ताटकळतात, त्या भिंतीवर हवे.

हार घातलेली तसबीर किंवा अर्धपुतळा येथे पुरेसा नाही. त्यात आदरणीय बाई दिसते, तिचे काम दिसत नाही. त्याऐवजी भित्तिचित्र हवे. त्यात सभा आणि अर्ज लिहिणाऱ्या स्त्रिया येतील, मताविना राहिलेली संस्थानातली बाईही येईल आणि शेवटी १९५२ ची रांग. कोकणातल्या दमट हवेत कागदाला बुरशी धरते, लोखंड गंजते. भाजलेल्या, रंगवलेल्या फरशा मात्र टिकतात, म्हणून चित्र त्यांचेच असावे. शेजारी मजकूर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा आणि मालमत्तेच्या अटीचा उल्लेख त्यातून गाळू नये.

भारत सरकारने १५ ऑगस्ट १९६२ रोजी रमाबाईंचे टपाल तिकीट काढले होते. त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. २५ जानेवारी हाच २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिवस आहे. म्हसळ्याच्या तहसील कार्यालयात या चित्राचे अनावरण त्याच दिवशी व्हावे.