पराभव कोणाचा?



गुरुवार, ता. १९ मार्च २०२६ रोजी शके १९४८ ची गुढी उभी राहिली. पंचांग उघडले आणि संवत्सराचे नाव ऐकून कित्येकांच्या कपाळी आठी पडली. नाव ‘पराभव’! साठ संवत्सरांच्या फेऱ्यात हे नाव यावयाचेच. मागे ते १९६६ साली आले होते. नावाला काय भ्यावयाचे? पराभव कोणाचा व्हावा, एवढे मात्र आपण ठरवावयाचे.

सरल्या काळाकडे पाहू. २०२४ साली आपल्या जिल्ह्याने अहिल्यानगर हे नाव धारण केले. ता. ३१ मे २०२५ रोजी जामखेड तालुक्यातील चौंडीच्या या लेकीच्या जन्मास ३०० वर्षे झाली. पती गेला, सासरे गेले, पोटचा मुलगा गेला, तरी त्या माउलीने घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या. दुःखाला तिने आपला पराभव करू दिला नाही. त्याच साली ज्ञानोबारायांच्या जन्मास ७५० वर्षे झाली, तुकोबारायांच्या वैकुंठगमनास ३७५.

पण उत्सवाच्या मागोमाग सप्टेंबर २०२५ ची अतिवृष्टी आली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांत उभी पिके पाण्यात गेली, जमिनी खरवडल्या. पीक पुन्हा येईल. बांध वाहून गेला, तिथे काय करावयाचे? पाणी ओसरते, आणि मग भाऊ भावाला म्हणतो, ‘तुझा धुरा माझ्या रानात आला.’ गळ्यात दोघांच्याही तुळशीची माळ, आणि तारीख मात्र कोर्टात! बाबांनो, ओढ्याने एक वीत जमीन नेली. भांडण दोन पिढ्या नेईल.

प्रवरेच्या काठी, आपल्या नेवाशात, पैसाच्या खांबाशी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. शेवटी माउलींनी पसायदान मागितले. ज्यांनी छळले त्यांचा नाश नाही मागितला. दुष्टाचे दुष्टपण तेवढे जावे, असे मागितले. माणूस राहावा, त्याच्यातले वाकडेपण हरावे. पराभव कोणाचा, याचे उत्तर हेच. भाऊ हरावयाचा नाही, आपल्या मनातला ‘मी’ हरावयाचा आहे.

यंदा देवाने सवडही दिली आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट भरून काढण्यास ता. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आला आहे. म्हणून आषाढी एकादशी यंदा ता. २५ जुलैला. पावसाने साथ दिली तर पेरणी उरकून वारीला निघता येईल. धोंड्याच्या महिन्यात आपण जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देतो. मग पाठच्या भावाला एक शब्द गोड देण्यास काय खर्च येतो? चार जाणती माणसे बोलवा, मोजणी करून घ्या, हद्द कायम करा. हक्क सोडा असे कोणी म्हणत नाही, वैर सोडा.

निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून आपल्याच जिल्ह्यातून पंढरीस जाते. तिच्यामागे चालताना भावाभावांनी एकाच दिंडीत टाळ धरावा. असे झाले तर हे पराभव संवत्सर आपल्या विजयाचे ठरेल.

बोला, पुंडलीक वरदा हारि विठ्ठल!