आधी एसएमपीएसचं स्टिकर वाच

पेण, जानेवारी २०२६

मनू,

रात्री दीड वाजता पाठवलेला तुझा फोटो सकाळी पाहिला. दीड वाजता माणसं झोपतात गं, कॅबिनेट उघडून बसत नाहीत. पण यावर मी काही बोलले की तू "हो आत्या" म्हणतेस आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच, म्हणून तो विषय सोडते. फोटोत ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं दिसलं, स्लॉटच्या टोकाची क्लिप लागलेली दिसली. दिसलं नाही ते एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर. बाई माझे, आधी तेच बघायचं असतं. दादाला फोन केला तर तो म्हणतो, "२७५ वॉटचा आहे." बारा व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत, हे मात्र त्याला ठाऊक नाही. आणि मला तेवढंच हवंय.

इकडे माघी गणपतींची गडबड आहे. हमरापूर-जोह्याकडच्या मूर्तींच्या कारखान्यांत दिवे रात्रभर जळतायत. परवा आपल्या गल्लीतल्या एका कारखान्यातला मुलगा त्याचा सीपीयू घेऊन आला, सारखा बंद पडतो म्हणून. झाकण काढलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर प्लास्टरचा पांढरा थर! हवा जायला फटच नव्हती. ब्रशने झाडलं, वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि मशीन चालू लागलं. तो नवीन कार्ड घ्यायच्या तयारीत होता. हे तुला अशासाठी सांगते की तुझंही मशीन रेंडर लावल्यावर रीस्टार्ट होतं म्हणालीस. तर आधी पंखा साफ कर, रेंडर चालू असताना तापमान किती चढतं ते बघ, आणि मग पुढचं बोलू.

आता तू लिहिलेल्या पहिल्या तक्रारीकडे येते. कार्ड लावलं, पंखा फिरतो, पण मॉनिटर "नो सिग्नल" म्हणतो. दहातले बरेच जण इथे एकच गोष्ट विसरतात: मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या जुन्या सॉकेटलाच राहते. कार्ड लागलं की चित्र कार्डाच्या मागून येतं, जुनं सॉकेट बहुतेक वेळा गप्प होतं. तुझं तसं नाही, हे मला माहीत आहे, तू वायर बदललीस. पण रोह्याहून नेलेला तो मॉनिटर निळ्या व्हीजीए वायरचा आहे, आणि तुझ्या जीटीएक्स १०५० टीआयला व्हीजीए नाही. डीव्हीआय आहे, पण त्यातून जुन्या पद्धतीचा सिग्नल येतच नाही. त्यामुळे मैत्रिणीने दिलेला तो छोटा डीव्हीआयचा अडॅप्टर लावून काही होत नाही, त्याच्या पिनाच तिथे बसत नाहीत. आत चिप असलेला एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. तो लावल्यावर चित्र आलं ना? मग त्या तक्रारीत कार्डाचा काही दोष नव्हता.

तरीही नाही आलं असतं तर बायोसकडे बघावं लागलं असतं. २०१२-१३ च्या सुमाराची मशीनं अशा मधल्या काळातली आहेत की काहींना नवं कार्ड सुरुवातीलाच ओळखता येत नाही. बायोस अपडेट केला की बऱ्याचदा सुटतं. पण ते करायचंच झालं तर यूपीएस असल्याशिवाय करू नकोस. अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा बसू शकतो. आणि तारीख दर वेळी मागे जात असेल तर ती गोल बॅटरी बदल, सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेही मिळते.

तुझ्या मशीनची मला काळजी वाटते ती वेगळ्या कारणाने. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुला आठवत असेल, तू तेव्हा शाळेत होतीस. श्रीवर्धनच्या बाजूने वर आलं आणि रोह्यातली कित्येक घरं उघडी करून गेलं. आपल्या पडवीचे पत्रे गेले. दादाने हाच सीपीयू गादीच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्याखाली ठेवला होता. लाइट यायला खूप दिवस लागले, आणि आली तेव्हा मी फोनवर ओरडत होते की लगेच चालू करू नका, उघडून वाळू द्या. तो सगळा पावसाळा त्या मशीनने ओलीत काढला. कुंडलिकेच्या काठचं घर ते, भिंतीसुद्धा ऑक्टोबरपर्यंत घाम गाळतात. मेमरीच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसून उजळतात, तसं एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरचं होत नाही. ते वयाबरोबर कमजोर होत जातात. बाहेरून २७५ लिहिलेलं असतं, आतून तेवढं येतंच असं नाही.

म्हणून तुझ्या त्या हॉस्टेलमधल्या मित्राचा सल्ला वाचून माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणतो, १०५० टीआय विकून टाक, सेकंडहँड आरएक्स ५८० घे, आणि आठ पिनांचा प्लग नाही तर हार्ड डिस्कच्या वायरी जोडून अडॅप्टर लाव. जरा हिशेब कर मनू. तुझं आत्ताचं कार्ड स्लॉटमधूनच सगळी वीज घेतं, आणि स्लॉट देतो जास्तीत जास्त ७५ वॉट. प्रोसेसरचे ७७ धर. बोर्ड, डिस्क, पंखे मिळून चाळीस-पन्नास. दोनशेच्या आसपास झाले, म्हणजे धडधाकट २७५ मध्ये बसायला हवं, आणि तरी तुझं मशीन रीस्टार्ट होतंय. आरएक्स ५८० एकटं १८५ वॉटचं. प्रोसेसर मिळवला की २६२, बाकी काही धरण्याआधीच! साटाच्या त्या चपट्या प्लगला बारा व्होल्टवर साधारण ५४ वॉटच झेपतात. त्याच्यावर अडॅप्टर लावून दीडशे ओढले की प्लॅस्टिक वितळतं, आणि ते वितळतं तेव्हा माणूस बहुधा रेंडर लावून चहाला गेलेला असतो.

त्यातून दुसरी गोष्ट, जी तुझ्या मित्राला बहुतेक ठाऊक नाही. तू ब्लेंडरमध्ये सायकल्सवर रेंडर करतेस ना? डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडर ३.० आलं तेव्हा त्यांनी ओपनसीएल काढून टाकलं, आणि त्याच्या जागी एएमडीसाठी जे आणलं त्यात आरएक्स ५८० च्या पिढीला जागा नाही. म्हणजे एवढा खटाटोप करून ते कार्ड लावशील आणि सायकल्स तुला पुन्हा प्रोसेसरवरच बसवेल. गेम खेळायला ते कार्ड बरं आहे, मी नाही म्हणत नाही. पण तुला आर्किटेक्चरच्या सबमिशनसाठी घर रंगवायचंय. तुझं १०५० टीआय हळू असेल, पण ते काम करतं.

आणि सेकंडहँड घेतेच आहेस कधी तर लक्षात ठेव: सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात उतरली, अजून फिरतायत. शिवाय जुन्याच चिपवर नवं नाव चढवून विकलेलीही असतात, आणि १०५० टीआयच्या नावाने तर फारच. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते अशा कार्डापुढे "फेक" लिहून दाखवतं. तुझंही एकदा तपासून घे. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

तुझ्या नागपूरची हवाही आपल्यासारखी नाही. इकडे स्टॅटिकचं भय फारसं नाही, हवाच ओली. तिकडे थंडीत तू लोकरीचा स्वेटर घालून सतरंजीवर बसतेस आणि कार्डाला हात लावतेस. तसं करू नकोस. स्वेटर काढ, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लाव, मग कार्ड. आणि प्लग भिंतीतून पूर्ण उपटायचा. बटण बंद केलं तरी एसएमपीएस बोर्डाला पाच व्होल्ट देतच राहतो. प्लग काढल्यावर पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर म्हणजे उरलेली वीज निघून जाते. मे महिन्यात खोलीच चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जाईल तेव्हा काय करायचं ते वेगळं बोलू.

एक गोष्ट मात्र विनवणी म्हणून नाही, ताकीद म्हणून सांगते. एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. पंखा आवाज करतो म्हणून नाही, धूळ दिसते म्हणून नाही, प्लग काढलेला आहे म्हणूनही नाही. मी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटऱ्यांजवळ काम केलं, त्यांच्याशी आमची दोस्ती होती. ह्या डब्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. त्यांच्याशी दोस्ती नको.

तर आता कर काय. आमच्याकडे लाइन बिघडली की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रजिस्टरात लिहायची, हा नियम होता. तू एका रात्रीत कार्ड, वायर, ड्रायव्हर आणि मेमरी चारही बदललंस, त्यामुळे कशाने काय झालं हे तुलाच कळत नाहीये. कार्ड काढ. जुन्या सॉकेटवर मशीन दिवसभर चालव, प्रोसेसरवर रेंडर लाव. तेव्हाही रीस्टार्ट झालं तर कार्डाला बोल लावू नकोस, उष्णता नाही तर एसएमपीएस. नाही झालं तर कार्ड परत लाव, सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर मुळापासून काढ, नवा टाक, आणि तेच रेंडर पुन्हा. वहीत लिही. मोबाइलमध्ये नको, तुझ्या मोबाइलमध्ये लिहिलेलं तुला कधी सापडलंय?

आणि बहुतेक एसएमपीएसच निघणार आहे असं माझं मन सांगतं. तसं झालं तर नवा घेऊ, पैसे मी पाठवते. फक्त विकत घेण्याआधी बोर्डाला जाणारा मुख्य प्लग मोज. चोवीस पिना असतील तर बाजारातला साधा एटीएक्स चालेल. ऑफिसच्या मशीनांमध्ये काही कंपन्यांनी आपल्याच आकाराचे प्लग लावून ठेवलेत, तसं असलं तर दुकानातला बसणार नाही. साडेचारशे वॉटचा चांगला घे, नावाजलेला, वजनाला जड लागणारा. कार्डावर आणखी खर्च करू नकोस. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला, तुझा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, आणि एनव्हिडियानेही गेल्या वर्षी तुझ्या कार्डाच्या पिढीचे नेहमीचे ड्रायव्हर बंद केले. हे मशीन अजून वर्ष-दीड वर्ष ओढेल, तुझी डिग्री होईपर्यंत. चांगला एसएमपीएस मात्र पुढच्या मशीनमध्ये तसाच जातो. दादाला हे पटत नाही, त्याला वाटतं डब्यात पैसे घालायचे आणि चित्र मात्र तेवढंच दिसणार. तू त्याचं ऐकू नकोस, या एका बाबतीत.

रविवारी मेमूने रोह्याला जातेय. वालाच्या शेंगा भरल्यात, भांबुर्डीचा पाला शेजारच्या काकू आणणार आहेत, शेतावर पोपटी लावायची असं ठरलंय. तुझ्या वाटणीची मी खाणार, रागावू नकोस. पोह्याचे पापड कुरियरने टाकलेत, डबा फुटू नये म्हणून भोवती जुनी साडी गुंडाळली आहे, ती फेकू नकोस. आई म्हणत होती की सर्दी झालीय तुला. काढा पी, आणि रेंडर लावून त्याच खोलीत पंखा लावून झोपू नकोस.

तू शनिवारी बर्डीच्या बाजारात जाणार म्हणालीस. त्याआधी स्टिकरचा फोटो पाठव, उजेडात काढ, बारा व्होल्टचा रकाना वाचता यायला हवा. तो बघितल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. मी सकाळी साडेपाचला उठते, तेव्हा पाठवलास तरी चालेल, पण रात्री दीडला नको.

तुझी,
आत्या