भाऊबीज आणि बोनस

दिवाळी जवळ आली की एक जुना हिशेब माझ्या मनात उघडतो. अकरा रात्रींचा हिशेब. तो मी पहिल्यांदा ज्या रीतीने उडवून लावला ती रीत आठवली म्हणजे आजही ओशाळल्यासारखे होते.

मांडीचे हाड मोडून आई अंथरुणाला खिळली होती. दिवसा तिचे सारे माझी पत्नी करी. रात्रीसाठी एका संस्थेमार्फत आम्ही एक बाई ठेवल्या. रात्री आठ ते सकाळी आठ. एका रात्रीचे सहाशे रुपये, आणि त्यांतले काही संस्थेचे. वय पन्नाशीच्या आतबाहेर. घरातली सगळीच त्यांना मावशी म्हणू लागली. सकाळी आमच्याकडून निघाल्या की त्या तशाच आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जात, कारण तिथे त्या मदतनीस होत्या. मुले घरोघरून गोळा करायची, खोली झाडायची, खिचडी वाढायची, कुणाचे नाक पुसायचे, कुणाची चड्डी बदलायची. दिवसा वीस-पंचवीस बाळे आणि रात्री एक म्हातारे बाळ! या बाई झोपतात केव्हा, हा प्रश्न दोन वर्षांत मला एकदाही पडला नाही.

एका वर्षी दसऱ्यानंतर आईला छातीचे दुखणे झाले आणि अकरा दिवस तिला रुग्णालयात ठेवावे लागले. तिथे मीच बसलो. मावशींना म्हणालो, "आई घरी आली की कळवतो. तोवर दुसरीकडे कुठे जाऊ नका हं." त्या गेल्या नाहीत. पुढे पाडव्याला मी त्यांच्या हाती साडी आणि फराळाचा डबा ठेवला. त्या उंबऱ्यातच घुटमळल्या.

"दादा, राग मानू नका. आजी दवाखान्यात होत्या, त्या अकरा रात्रींचं काही नाही का?"

"पण मावशी, तुम्ही तेव्हा आलाच कुठं होता?"

"तुम्हीच म्हणालात ना, दुसरीकडे जाऊ नका."

मी काहीतरी पुटपुटलो आणि आत आलो. खरे सांगायचे तर मला राग आला होता. ज्या बाईला आपण घरच्यासारखे मानले, जेवल्याशिवाय कधी जाऊ दिले नाही, तिने सणाच्या दिवशी हिशेब काढावा!

त्या रात्री मात्र 'घरच्यासारखे' या शब्दातले 'सारखे' मला एकाएकी दिसू लागले. ते अकरा दिवस मी माझ्या कचेरीतून भरपगारी रजा घेऊन बसलो होतो. एक तारखेला माझा पगार बिनबोभाट जमा झाला होता. माझ्या साहेबांनी मला कधीही घरचा म्हटले नव्हते, आणि तशी गरजही नव्हती. माझ्यामागे नियम उभे होते. मावशींच्यामागे माझा चांगुलपणा उभा होता, आणि तो अकरा रात्रींनीच दमला.

हे माझ्या एकट्याच्या घरात घडते, असेही नाही. आपले सरकार दिवाळीला अंगणवाडीच्या बायकांना काही रक्कम देते. तिचे नाव आहे 'भाऊबीज भेट'. १९६५ साली कायदा झाला आणि गिरणी-कारखान्यांतल्या कामगाराचा बोनस हा हक्क ठरला. या बायकांना मात्र ओवाळणी मिळते. भावाने ताटात काय घालावे हे बहिणीने सांगायचे नसते, ही आपली रीत. बहीण म्हटले की मागणे संपले!

शब्दांची ही किमया जुनीच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून काम करणारी ती 'सेविका' नाहीतर 'मदतनीस', आणि तिला मिळते ते 'मानधन'. केंद्र सरकारने आपल्या वाट्याचे मदतनिसाचे मानधन ऑक्टोबर २०१८ पासून दरमहा १,५०० वरून २,२५० रुपये केले. राज्ये त्यात आपली भर घालतात. त्यांची जागा सरकारी नोकरीची नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली म्हटले होते. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ग्रॅच्युइटीवर त्यांचा हक्क मान्य केला, आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरते मानधन म्हणजे वेतनच होय, असे ठरवले. इतकी साधी गोष्ट ठरायला सत्तेचाळीस वर्षे लागली. ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी जो संप केला तो जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा मीही चारचौघांसारखाच म्हणालो होतो, "पण मुलांच्या खाऊचे काय?" मुलांचा खाऊ एवढा महत्त्वाचा, तर तो शिजवणारीचे काय, हे मात्र तोंडून निघाले नाही.

कोणी म्हणेल, मायेला मोल कसे लावणार? हा प्रश्न खोटा नाही. पहाटे तीनला आई घाबरून रडू लागली की मावशी तिचा हात धरून हळू आवाजात ओवी म्हणत. त्याचे पैसे मी दिले नाहीत, देऊही शकलो नसतो. ते अमोल होते, आणि त्यांनी ते फुकटच दिले. पण जागलेली रात्र, धरलेली पाठ, सोडून दिलेले दुसरे काम यांना मोल होते, आणि तेच मी बुडवले. एकाच्या अमोलपणाची ढाल पुढे करून दुसऱ्याचे देणे चुकवायचे, ही आपली चलाखी आहे.

इथे आपण गीतेचा आधार घेतो, म्हणून विशेष वाईट वाटते. फळाची आशा सोडण्याचा उपदेश करणाऱ्याला आहे. त्याच्याकडून काम करून घेणाऱ्याला नव्हे. निष्काम व्हायचे की नाही हे मावशींनी ठरवायचे. त्यांच्या वतीने मी निष्काम होणे म्हणजे निव्वळ चिक्कूपणा. आणि मान देऊन राबवून घेण्याची विद्याही आपल्याला नवी नाही. महारांना 'वतनदार' म्हणत. कामाला मात्र दिवस-रात्र असा भेद नसे, आणि पदरात पडे ते तुटपुंजे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचे विधेयक मांडले, ते हाच गोड शब्द सोलून काढण्यासाठी.

माझी बाजूही सांगतो. महिन्याला अठरा हजार हे माझ्या मिळकतीला जडच होते, आणि माझ्याहून ओढग्रस्त घरे कितीतरी आहेत. एका घराच्या खिशातून म्हातारपणाचा सगळा भार निघेल असे मला वाटत नाही. तो सर्वांनी मिळून, करांतून, उचलावा लागेल. पण ते होईपर्यंतची तूट मावशींच्या झोपेतून भरून काढायची, हे कोणत्या न्यायाने?

आई पुढच्या वैशाखात गेली. तेराव्यानंतर मी सहा हजार सहाशे रुपये पाकिटात घालून अंगणवाडीत गेलो. पोरे ताटल्या घेऊन ओळीने बसली होती. मावशींनी हातातला डाव खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि पाकीट उघडून माझ्यासमोर एकेक नोट मोजली. आजवर माझ्यादेखत त्यांनी कधी पैसे मोजले नव्हते. तसेच कनवटीला लावीत.

"बरोबर आहेत, दादा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा खिचडी वाढू लागल्या.